ल्युपिन: कडू बियांचं गोड पीक कसं होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘ल्युपिन’ म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना औषधांची कंपनी आठवते. देशबंधू गुप्ता यांनी १९६८ मध्ये सुरू केलेल्या त्या कंपनीचं नाव याच वनस्पतीवरून घेतलेलं आहे. पण थंड प्रदेशांतलं एक कडधान्य म्हणून ल्युपिनची जी गोष्ट आहे, ती मराठीत फारशी कोणी सांगितलेली नाही. पीक पैदास शिकवताना मी हे उदाहरण नेहमी घेतो, आणि दरवेळी तेच प्रश्न समोर येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

ल्युपिन हे नेमकं कोणत्या जातीचं पीक?

हरभरा, तूर, वाटाणा यांच्याच कुळातलं द्विदल. पानं हाताच्या पंजासारखी, फुलांचा उभा तुरा, केसाळ शेंगा. रानटी प्रजाती दोनशेच्या वर आहेत आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिका खंडातल्या. शेतीत मात्र चारच नावं सतत येतात. भूमध्य समुद्राभोवतीच्या तीन: पांढरं ल्युपिन म्हणजे लुपिनस अल्बस, अरुंद पानांचं म्हणजे लुपिनस अँगुस्टिफोलियस आणि पिवळं म्हणजे लुपिनस लुटियस. चौथं अँडीज पर्वतातलं लुपिनस म्युटाबिलिस. पेरूमध्ये त्याला तारवी म्हणतात, इक्वाडोरमध्ये चोचो.

युरोपातल्या शेतकऱ्याला सोयाबीन असताना हे कशाला हवं?

कारण त्याच्या शेतात सोयाबीन नीट येत नाही. सोयाबीनला उबदार उन्हाळा लागतो. उत्तर जर्मनी, पोलंड, ब्रिटन इथले उन्हाळे थंड आणि आखूड, त्यामुळे डुकरं-कोंबड्यांना लागणारी सोयापेंड ब्राझील-अर्जेंटिनाहून जहाजानं येते. ल्युपिन थंडीत उगवतं आणि रेताड, आम्लधर्मी, हलक्या जमिनीतही उभं राहतं.

दुसरं कारण आपल्या शेतकऱ्याला एका शब्दात समजेल: बेवड. ल्युपिनच्या मुळांवरच्या गाठींत ब्रॅडीरायझोबियम जिवाणू हवेतला नत्र धरतात आणि पुढच्या गव्हाला त्याचा फायदा होतो. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवट पट्ट्यात ल्युपिन आणि गहू यांची फेरपालट याच कारणानं रुजली. गव्हाच्या मुळांचे रोगही त्या फेरपालटीनं कमी झाले.

बिया कडू का असतात? मग पूर्वी लोक खायचे कसे?

ल्युपॅनिन, स्पार्टीन, ल्युपिनिन अशी अल्कलॉइडं, म्हणजे कडू, विषारी द्रव्यं, झाड स्वतःच्या संरक्षणासाठी बनवतं. किडी, ससे, हरणं त्यामुळे दूर राहतात. कडू वाणांच्या बियांत ही द्रव्यं वजनाच्या एक ते तीन-चार टक्क्यांपर्यंत असू शकतात. तेवढी पोटात गेली तर चक्कर, कोरडं तोंड, धूसर दिसणं, हृदयाचे ठोके बिघडणं असे त्रास होतात.

तरीही इटली, पोर्तुगाल, इजिप्तमध्ये लोक हजारो वर्षं ल्युपिन खात आले आहेत. बिया शिजवायच्या, मग पाणी बदलत कित्येक दिवस भिजवायच्या आणि शेवटी मिठाच्या पाण्यात ठेवायच्या. इजिप्तमध्ये हेच ‘तर्मस’ नावानं रस्त्यावर विकलं जातं. अँडीजमध्ये तारवीची पोती वाहत्या ओढ्यात ठेवून कडवटपणा काढतात. पण ही झाली घरगुती खाद्याची रीत. हजारो टन पेंड जनावरांना घालायची तर इतकं पाणी आणि इतके हात कुठून आणायचे? म्हणून कडवटपणा शेतातच काढणं भाग होतं.

गोड ल्युपिन कसं सापडलं?

जर्मनीत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून रेताड जमीन सुधारण्यासाठी ल्युपिन हिरवळीचं खत म्हणून पेरलं जात होतं, आपल्याकडे ताग गाडतात तसंच. पहिल्या महायुद्धात अन्नटंचाई आली तेव्हा या बियांतल्या प्रथिनांकडे लक्ष गेलं, पण कडवटपणा आडवा आला.

आनुवंशशास्त्रज्ञ एर्विन बाउर यांचा तर्क साधा होता. निकोलाय वाव्हिलोव्ह यांनी १९२० मध्ये मांडलं होतं की जवळच्या प्रजातींमध्ये बदलही सारखेच आढळतात. इतर शेंगवर्गीय पिकांत गोड, निर्विष झाडं आहेत, तर ल्युपिनमध्येही ती लाखांत एखादी असणारच. प्रश्न फक्त शोधायची कशी, हा होता.

उत्तर राइनहोल्ड फॉन झेंगबुश या तरुण सहकाऱ्यानं दिलं. अल्कलॉइड असलेल्या अर्कात आयोडीन आणि पाऱ्याच्या क्षारांचं द्रावण घातलं की ते गढूळ होतं. अल्कलॉइड नसेल तर स्वच्छ राहतं. एका झाडाला एक लहानशी परीक्षा. चाखून पाहणं शक्यच नव्हतं, कारण दोन-चार कडू बियांनंतर जीभ काहीच सांगत नाही. १९२७ ते १९२९ या काळात सुमारे १५ लाख झाडं तपासली गेली. स्वच्छ द्रावणाची झाडं निघाली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पिवळ्या आणि अरुंद पानांच्या ल्युपिनमध्ये. त्यानंतर पांढऱ्यातही सापडली.

विद्यार्थ्यांना मी हे सांगतो तेव्हा ‘१५ लाख’ हा आकडा त्यांच्या लक्षात राहतो. मला मात्र त्या द्रावणाचं मोल जास्त वाटतं. स्वस्त, झटपट आणि अनुभव नसलेल्या माणसालाही करता येणारी परीक्षा हाती आली म्हणूनच इतकी झाडं तपासता आली. आजही पैदासकाराचं निम्मं यश अशी परीक्षा शोधण्यात असतं.

गोड झाड मिळालं म्हणजे पीक तयार झालं, असं का नाही?

कारण रानटी झाडाच्या शेंगा पिकल्या की तडकन फुटतात आणि बी जमिनीवर सांडतं. बियांचं कवचही कडक. पेरलं तर काही यंदा उगवतं, काही दोन वर्षांनी. फुलोराही उशिरा येतो. गोडवा हा या यादीतला फक्त एक गुण.

जर्मनीत पिवळ्या ल्युपिनमध्ये न फुटणारी शेंग १९३० च्या दशकात मिळाली. अरुंद पानांच्या ल्युपिनचं काम पूर्ण केलं ते पश्चिम ऑस्ट्रेलियात जॉन ग्लॅडस्टोन्स यांनी. १९५० च्या दशकात पर्थमध्ये त्यांनी सुरुवात केली. त्यांना शेंग न फुटण्याची दोन वेगळी नैसर्गिक उत्परिवर्तनं सापडली. ‘टार्डस’ या जनुकानं शेंगेच्या दोन पाकळ्यांची शिवण घट्ट होते; ‘लेंटस’ या जनुकानं शेंगेच्या सालीतल्या कठीण तंतूंची दिशा बदलते आणि पिळ पडण्याचा जोर ओसरतो. एकटं कोणतंच पुरत नाही. दोन्ही एका झाडात आली की शेंग यंत्राची वाट पाहत उभी राहते.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि ती मला सगळ्यात आवडते. गोड वाणाला पांढरं फूल आणि पांढरं बी देणारं जनुक जोडलं. रानटी ल्युपिन निळं फुलतं. त्यामुळे पांढऱ्या शेतात निळा तुरा दिसला की शेतकऱ्याला कळतं: हे परकं, उपटा. बियाण्याच्या पोत्यातही गडद बी लगेच डोळ्यात भरतं. प्रयोगशाळेविना शुद्धता राखण्याची ही सोय होती.

युनिव्हाइट हा वाण १९६७ मध्ये आला, युनिहार्वेस्ट १९७१ मध्ये आणि युनिक्रॉप १९७३ मध्ये. युनिक्रॉपमध्ये लवकर फुलण्याचं ‘कू’ नावाचं जनुक आलं. त्यामुळे फुलोऱ्यासाठी हिवाळ्याच्या थंडीची गरज उरली नाही आणि कमी पावसाच्या भागातही पीक वेळेत हाती येऊ लागलं. गहू माणसाळायला हजारो वर्षं लागली. अरुंद पानांचं ल्युपिन दोन पिढ्यांच्या माणसांनी, नोंदी ठेवत, माणसाळवलं.

गोड वाण पेरला तरी काही वर्षांनी कडवटपणा परत येतो. का?

गोडवा अप्रभावी असतो, म्हणजे दोन्ही पालकांकडून आला तरच दिसतो; कडवटपणा प्रभावी. शेजारच्या रानटी किंवा जुन्या कडू झाडाचं परागकण मधमाशीनं आणून टाकलं की त्या बियांतून उगवणारं झाड कडू निघतं. अरुंद पानांचं ल्युपिन बहुतेक स्वपरागित आहे, म्हणून तिथे धोका कमी. पांढऱ्यात आणि पिवळ्यात परपरागण बरंच जास्त होतं, त्यामुळे बियाणं दूर अंतरावर वाढवावं लागतं.

यात एक फसवी गोष्ट आहे. बियांतलं अल्कलॉइड बहुतांशी आईच्या पानांत तयार होऊन अन्नरसातून बियांत येतं. म्हणून भेसळीचा संकर झालेलं बी त्या वर्षी गोडच लागतं. पुढच्या हंगामात त्याचं झाड उभं राहिलं की मगच कडवटपणा उघड होतो. बियाणं तपासून निर्धास्त झालेला माणूस इथे फसतो.

पैदासकारासाठी दुसरा धडा: दोन गोड वाणांचा संकर केला आणि पहिली पिढी कडू निघाली, तर हात चुकला असं समजू नये. दोघांचा गोडवा वेगवेगळ्या जनुकांमुळे आहे, एवढाच त्याचा अर्थ. पांढऱ्या ल्युपिनमध्ये आता जवळजवळ सगळे गोड वाण ‘पॉपर’ या एकाच जनुकस्थानावर अवलंबून आहेत, ते याच अडचणीमुळे. त्या स्थानी नेमका काय बदल झालाय हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं: अल्कलॉइडाच्या साखळीतल्या एका ॲसिटिलट्रान्सफरेज विकराचं जनुक बिघडलेलं आहे.

‘गोड’ म्हणजे किती गोड?

ऑस्ट्रेलियासह काही देशांत माणसाच्या अन्नासाठी अल्कलॉइडांची मर्यादा आहे किलोमागे २०० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०२ टक्के. वाण गोड असला तरी उष्ण, कोरड्या हंगामात पातळी थोडी वर सरकू शकते, म्हणून प्रत्येक खेप तपासावी लागते.

गोडव्याची किंमतही असते. मावा, ससे, हरणं यांना गोड ल्युपिन जास्त आवडतं. म्हणून पानं कडू राहावीत आणि फक्त बी गोड व्हावं, या दिशेनं संशोधन चालू आहे. पानातून बियाकडे जाणारी वाहतूक अडवली तर ते जमेल. हे साधलं तर फवारणीचा बराच खर्च वाचेल असं मला मनापासून वाटतं.

या पिकाचा सर्वात मोठा शत्रू कोणता?

अँथ्रॅक्नोज, म्हणजे करपा. कोलेटोट्रायकम लुपिनी ही बुरशी बियाण्यातून येते, पावसाच्या शिंतोड्यांनी पसरते. खोड वाकडं होतं, शेंगांवर नारिंगी चट्टे पडतात आणि बघता बघता शेत बसतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात ती १९९६ मध्ये आढळली. तिथे तेव्हा पांढरं ल्युपिन म्हणून ‘कीव्ह म्युटंट’ हा युक्रेनमधून आलेला गोड वाण होता आणि तो अगदीच दुबळा ठरला. उत्तरेकडच्या पट्ट्यातलं पांढऱ्या ल्युपिनचं पीक जवळपास बंद पडलं. अरुंद पानांचं वाचलं, कारण वोंगा आणि तांजिल या वाणांत प्रतिकार होता.

पांढऱ्या ल्युपिनसाठी प्रतिकार मिळाला इथिओपियातल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या स्थानिक वाणांत. त्यातून २००५ मध्ये ‘अँड्रोमेडा’ आला. अरुंद पानांच्या प्रकारात एकटं जनुक बरंच काम करतं. पांढऱ्यात मात्र प्रतिकार अनेक छोट्या जनुकांत वाटलेला आहे, त्यामुळे पुढे सरकणं हळू होतं. जर्मनीत ‘फ्रीडा’ आणि ‘सेलिना’ या सहनशील वाणांना २०१९ मध्ये मान्यता मिळाल्यावर तिथल्या शेतकऱ्यांनी पांढऱ्या ल्युपिनकडे पुन्हा पाहायला सुरुवात केली. इथिओपियाच्या कुठल्यातरी शेतातलं बी जनुकपेढीत जपलेलं नसतं, तर हे झालं नसतं.

मेंढ्यांचा एक रोगही इथे सांगायला हवा. ल्युपिनच्या वाळलेल्या ताटांवर वाढणाऱ्या बुरशीच्या विषानं मेंढ्यांचं यकृत बिघडतं, त्याला ल्युपिनोसिस म्हणतात. त्या बुरशीला दाद न देणारी ताटं असलेले वाण पैदास करूनच हा प्रश्न आटोक्यात आला.

ओल्या, थंड भागात पीक काढणीला येतच नाही, असं ऐकलं. खरं का?

पांढऱ्या ल्युपिनबाबत खरं आहे. मुख्य दांड्यावर शेंगा धरल्या की खालून फांद्या फुटतात, त्यांवर फुलं, मग त्यांच्याही फांद्या. एकीकडे शेंगा वाळतायत, दुसरीकडे झाड हिरवंगार, आणि तोवर शरदातला पाऊस सुरू. फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये यावर दोन वाटांनी काम झालं. पहिली, फांद्यांची वाढ आपोआप थांबणारे मर्यादित वाढीचे प्रकार. दुसरी, शरदात पेरून हिवाळा काढणारे वाण. त्यांना वाढीला आधीपासून वेळ मिळतो आणि ते लवकर पिकतात. शरदातली पेरणी उशिरा झाली तर कोवळं रोप थंडीत मरतं, लवकर झाली तर फार वाढून मरतं. ती योग्य पंधरवड्याची खिडकी गाठणं हीच शेतकऱ्याची खरी परीक्षा.

प्रथिनं सोयाबीनइतकी मिळतात का?

पांढऱ्या ल्युपिनमध्ये साधारण ३५ ते ४० टक्के, पिवळ्यात त्याहून थोडी जास्तही, अरुंद पानांच्यात ३० ते ३५. सोयाबीन ४० च्या आसपास. तेल पांढऱ्यात दहा टक्क्यांच्या जवळपास, तारवीत त्याहून बरंच जास्त. पिष्ट जवळजवळ नाहीच. त्याऐवजी तंतू भरपूर. गाई-मेंढ्यांना ते चालतं, कोंबड्यांसाठी टरफल काढावं लागतं.

उणीव गंधकयुक्त अमिनो आम्लांची, मुख्यतः मेथिओनिनची. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी सूर्यफुलातलं एक प्रथिन-जनुक ल्युपिनमध्ये घालून बियांतलं मेथिओनिन जवळजवळ दुप्पट केलं होतं आणि १९९७ मध्ये ते प्रसिद्धही झालं. ते ल्युपिन बाजारात कधी आलं नाही. आजच्या वाणांत असं बाहेरचं जनुक घातलेलं नाही.

पांढऱ्या ल्युपिनच्या मुळांबद्दल एवढं कौतुक का?

स्फुरदाची, म्हणजे फॉस्फरसची, टंचाई झाली की या झाडाच्या मुळांवर बाटली धुण्याच्या ब्रशसारखे दाट झुबके फुटतात. त्यांतून सायट्रिक आम्ल पाझरतं आणि मातीत घट्ट बसलेला स्फुरद सुटा होतो. बहुतेक पिकं यासाठी मुळांवरच्या मित्रबुरशीची मदत घेतात; ल्युपिन ती घेत नाही. २०२० मध्ये पांढऱ्या ल्युपिनचा पूर्ण जीनोम वाचला गेला तेव्हा या मुळांचा अभ्यास हाच त्यामागचा एक मोठा हेतू होता. अरुंद पानांच्या ‘तांजिल’चा जीनोम त्याआधी, २०१७ मध्ये आला होता.

इतकं चांगलं आहे तर ऑस्ट्रेलियात क्षेत्र घटलं कशानं?

तिथे १९९० च्या दशकाच्या अखेरीस वर्षाला दहा लाख टनांहून जास्त ल्युपिन पिकत होतं. नंतर रानमुळा आणि रायगवत ही तणं तणनाशकांना दाद देईनाशी झाली. ल्युपिन सावकाश वाढतं, तणाला दाबत नाही. त्याच सुमारास कनोला या तेलबियांच्या पिकाला चांगला भाव मिळू लागला. आजही जगातलं सर्वात जास्त ल्युपिन तिथेच पिकतं, पण पैदासकाराला हा धडा विसरता येत नाही: शेतकरी एकट्या बेवडासाठी पीक पेरत नाही.

महाराष्ट्रात येईल का?

माझं उत्तर: मुख्य पीक म्हणून नाही. आपली काळी जमीन चुनखडीची आणि विम्लधर्मी. तशा जमिनीत ल्युपिनची पानं पिवळी पडून झाड खुरटतं. कोकणातली जांभी जमीन आम्लधर्मी आहे, पण तिथे थंडी नाही. शिवाय रब्बीला हरभरा असताना त्याची जागा घेण्याचं कारणही नाही.

खरा संबंध दुसरीकडे आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात उभ्या धानात फेकून पेरली जाणारी लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, हे आपलं विषारी कडधान्य. तिच्या अतिसेवनानं पाय लुळे पडतात म्हणून १९६१ मध्ये विक्रीवर बंदी आली. त्यावर रतन, प्रतीक, महातिवडा असे कमी विषाचे वाण निघाले. ल्युपिनशी तुलना केली की अडचण स्पष्ट होते. लाखोळीतलं विष एका जनुकाच्या अप्रभावी बदलानं शून्यावर आलेलं नाही, आणि पाण्याचा ताण पडला की ते वाढतं. बाउर आणि झेंगबुश यांच्यासारखं, धानपट्ट्यातल्या लाखो झाडांतून एखादं खरोखर निर्विष झाड शोधण्याचं काम कोणीतरी हाती घ्यावं अशी माझी फार इच्छा आहे.

परदेशात ल्युपिनचं पीठ मिळतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर खावं का?

नाही. शेंगदाण्याच्या ॲलर्जीवाल्यांपैकी काहींना ल्युपिनही बाधतं, आणि कधी कधी जोरात. युरोपीय संघानं २००६ मध्ये ल्युपिनचा समावेश वेष्टनावर सांगायच्या ॲलर्जीकारक पदार्थांत केला, ऑस्ट्रेलियानं २०१७ मध्ये. युरोपात ब्रेड, केक, पास्ता यांत ल्युपिनचं पीठ मिसळलेलं असू शकतं. वेष्टनावरची यादी वाचा. ॲलर्जी नसेल तर मात्र ऑस्ट्रेलियात मिळणाऱ्या ल्युपिनच्या कण्यांचा उपमा करून पाहायला हरकत नाही. रव्यापेक्षा पाणी बरंच जास्त लागतं.

बागेत शोभेचं ल्युपिन लावलंय. त्याच्या बिया भिजवून खाऊ का?

अजिबात नको. बागेतले रंगीबेरंगी उंच तुरे बहुतेक लुपिनस पॉलिफायलसच्या संकरांचे असतात. त्यांची निवड फुलांसाठी झाली आहे, गोडव्यासाठी नव्हे. बिया कडू आणि विषारी असतात. लहान मुलं शेंगा फोडून खेळत असतील तर तुरे वाळण्याआधीच छाटून टाका.